वजन वजा केल्यावर

एप्रिल २०२१मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से शहरात युवा गटाची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा झाली. नागपूरची अल्फिया पठाण ८१ किलोंवरील गटाच्या अंतिम फेरीत उतरली. समोर मोल्दोवाची दारिया कोझोरेझ होती. पाचही पंचांनी कौल अल्फियाच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हीच स्पर्धा स्पेनमधल्या ला नुसियाला भरली. तिथे पुण्याच्या देविका घोरपडेने ५२ किलो गटात इंग्लंडच्या लॉरेन मॅकीला हरवले. तोही निकाल ५-०.

महाराष्ट्राच्या दोन मुली लागोपाठच्या दोन वर्षांत युवा जगज्जेत्या झाल्या. दोघींच्या वजनात किमान २९ किलोंचे अंतर. या दोघी रिंगणात एकमेकींसमोर कधी उभ्या राहणार नाहीत, राहूही नयेत. तरीही विचारावेसे वाटतेच, की तंत्राच्या बाबतीत दोघींत उजवी कोण?

हा प्रश्न मला नागऱ्यात ऐकायला मिळाला. नागरा म्हणजे गोंदियापासून बालाघाट रस्त्याने थोडक्या अंतरावरचे गाव. प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. बाकी चहूकडे धान. सप्टेंबर २०२५मधला एक रविवार होता, सकाळची वेळ. धान निसवण्याच्या बेतात होते आणि पोलीस भरतीची तयारी करणारी चारपाच पोरे धावून आल्यावर एका मोबाइलभोवती बसली होती. लास व्हेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्ड आणि कॅनेलो अल्वारेझ यांची लढत चालू होती. क्रॉफर्डची कारकीर्द ६१ किलोंच्या गटातून वर चढत आलेली. त्या दिवशी तो ७० किलोंच्या गटातून मधला गट ओलांडून थेट ७६ किलोंच्या गटात आला होता आणि त्या गटाच्या निर्विवाद विजेत्याला खेळवत होता. लढत संपली. तिन्ही पंचांनी क्रॉफर्डला विजयी ठरवले. १४०, १४७ आणि १६८ पौंड अशा तीन गटांत चारही प्रमुख पट्टे जिंकणारा तो पहिला पुरुष ठरला.

मग वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, जगात आज क्रॉफर्डच भारी. दुसरा युक्रेनच्या उसिकचे नाव घेई, तिसरा जपानच्या इनोउएचे. एक जण शांतपणे म्हणाला, ‘‘बारके नाचतेत अन् मोठे ढकलतेत जी. ज्याच्यापाशी वजन नाही, त्यालेच डोकं लावा लागते.’’

तंत्र म्हणजे बारक्यांची मिरासदारी, हा समज नागऱ्यापुरता नाही. बॉक्सिंगवर लिहिणाऱ्या मोठमोठ्या समीक्षकांनीही तो वर्षानुवर्षे जोपासला आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. उरलेला अर्धा भाग जड गटातल्या खेळाडूंवर, त्यातही जड गटातल्या मुलींवर अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या भागातल्या माणसाला वजनगट समजावून सांगावे लागत नाहीत. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. फलकावर बक्षिसाच्या रकमेच्या जोडीला वजनाची मर्यादाही छापलेली असते. मैदानाच्या कडेला काटा ठेवलेला असतो आणि एखादा पोरगा अर्ध्या किलोसाठी सकाळपासून उपाशी बसलेला असतो. कुस्तीची रीत वेगळी. तिथे जोड लावणारा जाणता माणूस काट्याकडे पाहत नाही. तो मान पाहतो, खांदे पाहतो, पोराची मागची कुस्ती आठवतो आणि मगच दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. म्हणजे वजन आणि कसब यांचा हिशेब तो एकाच नजरेत मांडतो. मुष्टियुद्धाने मात्र हे दोन हिशेब वेगळे केले. वजन काट्यावर, कसब रिंगणात.

हे वेगळे होण्याआधीचा काळ मोठा बोलका आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुठी उघड्या असत आणि वजनगट नव्हते. १७४३ साली जॅक ब्रॉटनने पहिले नियम लिहिले, त्यांतही वजनाचा उल्लेख नाही. अशा काळात डॅनियल मेंडोझा नावाचा लंडनचा ज्यू तरुण, वजन जेमतेम ७२-७३ किलो, १७९०च्या दशकात इंग्लंडचा अजिंक्यवीर ठरला. त्याच्याहून कितीतरी धिप्पाड गडी त्याने पाडले. बाजूला सरकणे, मागे हटून पुन्हा आत येणे, डाव्या हाताने वार अडवून उजव्याने फेडणे हे त्याने पद्धतशीर बसवले आणि १७८९मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. आज ज्याला आपण बॉक्सिंगचे तंत्र म्हणतो, त्याचा मोठा भाग असा लहान चणीच्या माणसाने मोठ्यापासून जीव वाचवताना घडवला आहे. नागऱ्यातला तो पोरगा जे बोलला, त्याचे मूळ इथे सापडते.

१९०९मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट पक्के केले. तेव्हापासून लहान आणि मोठे आपापल्या वाड्यांत राहू लागले, आणि त्याबरोबरच ‘वजन वजा केले तर सगळ्यांत श्रेष्ठ कोण’ हा प्रश्नही जन्माला आला. शुगर रे रॉबिन्सनच्या काळात तो अमेरिकी वर्तमानपत्रांच्या तोंडी बसला. पुढे ‘द रिंग’ मासिकाने त्याची यादीच छापायला सुरुवात केली.

रॉबिन्सनची एक लढत इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण वजन ओलांडून तंत्राची परीक्षा इतक्या उघडपणे क्वचितच झाली आहे. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम. मिडलवेट विजेता रॉबिन्सन लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमला आव्हान द्यायला उतरला. रॉबिन्सन साधारण ७१ किलो, मॅक्सिम ७८च्या पुढे. दिव्यांखाली रिंगणात उष्णता चाळीस अंशांच्या घरात गेलेली. मे महिन्यात गोंदियाच्या फलाटावर उभे राहिलेल्याला हा आकडा समजावून सांगायला नको. रॉबिन्सनने फेरीमागून फेरी जिंकली. तो नाचत होता, आत शिरत होता, बाहेर पडत होता. मॅक्सिम त्याला जवळ ओढून त्याच्यावर रेलत होता. आपले सगळे वजन समोरच्याच्या खांद्यावर टाकायचे आणि ते त्याला पेलायला लावायचे. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीनच उकाड्याने थकले, त्यांच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. तेराव्या फेरीत रॉबिन्सनचा ठोसा हुकला आणि त्या झोकात तोच जमिनीवर पडला. चौदाव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठू शकला नाही. गुणपत्रिकांवर तो पुढे होता, तरी लढत हरला.

या लढतीची गोष्ट नेहमी ‘उकाड्याने हरवले’ अशी सांगतात. मला तिच्यात मॅक्सिमचे तंत्र दिसते. समोरच्यावर रेलणे हे गबाळे दिसते, टाळ्या मिळत नाहीत. पण कपाळ कुठे टेकवायचे, कोपर कुठे अडकवायचे, समोरच्याचा श्वास बाहेर पडतो त्याच क्षणी भार कसा टाकायचा, हे शिकावे लागते. रॉबिन्सनने त्या रात्री जास्त सुंदर बॉक्सिंग केले, यात वाद नाही. मात्र आपल्याजवळ काय आहे आणि समोरच्याजवळ काय संपत चालले आहे, याचा अंदाज मॅक्सिमला जास्त पक्का होता. तंत्राच्या व्याख्येत हा अंदाज धरायचा की नाही? मी धरतो.

वजन वजा करून तंत्राला क्रमांक द्यायचा एक अधिकृत प्रयत्न ऑलिंपिकमध्ये दीर्घकाळ चालला. त्याचे नाव व्हॅल बार्कर करंडक. हौशी मुष्टियुद्धाच्या एका इंग्रज संघटकाच्या नावाचा हा करंडक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून त्या त्या स्पर्धेतल्या सर्वांत शैलीदार मुष्टियोद्ध्याला दिला जाऊ लागला. पदकाचा रंग कोणताही असो, गट कोणताही असो. पहिला मानकरी अमेरिकेचा लू लॉरी, फ्लायवेट, आणि त्याला ब्राँझच मिळाले होते. १९६८मध्ये केनियाच्या फिलिप वारुइंगेने फेदरवेटमध्ये ब्राँझ मिळवूनही करंडक नेला. १९८८मध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला अंतिम फेरीत पराभूत ठरवले गेले, त्या निकालाची बदनामी आजही चालू आहे. करंडक मात्र त्यालाच मिळाला.

१९३६ ते २०१६ या काळातल्या पुरुष मानकऱ्यांची यादी गटवार लावून पाहिली. एकूण १९ जण. सर्वाधिक चार वेल्टरवेटचे: बेनवेनुती, सैतोव्ह, अर्तायेव्ह, सापियेव्ह. लाइट हेवीचे तीन. सर्वांत हलक्या दोन गटांचे मिळून तीन. वरच्या टोकाला दोनच, १९७२चा तेओफिलो स्टीव्हन्सन आणि १९९२चा रॉबेर्तो बालादो, दोघेही क्यूबाचे. १९६०मध्ये रोमला परीक्षकांनी बेनवेनुतीला निवडले. त्याच स्पर्धेत ८१ किलोंत सुवर्ण जिंकणारा अठरा वर्षांचा एक पोरगा होता, कॅशियस क्ले. पुढे जगाने त्याला मुहम्मद अली म्हणून ओळखले. १९७६मध्ये मॉन्ट्रियलला शुगर रे लेनर्ड आणि स्पिंक्स बंधू असताना करंडक हॉवर्ड डेव्हिसला गेला. हे निर्णय चुकले असे म्हणायचा माझा हेतू नाही. त्या त्या आठवड्यात कोण कसा खेळला, एवढेच परीक्षक पाहत होते.

यादी मधल्या गटांकडे झुकते, याचे कारण मला असे दिसते. वेल्टरवेटचा माणूस एका ठोशात समोरच्याला झोपवू शकतो आणि तीनही फेऱ्या पायांवर नाचूही शकतो. त्याच्याजवळ दोन्ही असते, म्हणून तो दोन्ही दाखवतो. प्रेक्षकाला आणि परीक्षकाला ‘परिपूर्ण’ दिसतो तो हा. ४८ किलोच्या मुष्टियोद्ध्याला समोरच्याला एका फटक्यात संपवणे बहुधा शक्य नसते, त्यामुळे त्याला ठोशांची माळ ओवावी लागते. ९२ किलोंवरच्याला माळ ओवणे परवडत नाही, त्याचा श्वास तेवढ्यात संपतो. प्रत्येक गटाला शरीर काहीतरी नाकारते आणि त्या नकाराच्या जागी तंत्र बसवावे लागते. तुलना करायची तर ठोसे किती आणि किती वेगाने, हे मोजून भागणार नाही. शरीराने जे नाकारले, त्याची भरपाई कोणी किती केली, हे पाहायला हवे.

विज्ञानाने या बाबतीत थोडी मदत केली आहे. २००५मध्ये अमेरिकी संशोधकांनी फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांचे ठोसे एका कृत्रिम डोक्यावर मोजले. हाताचा वेग सरासरी सेकंदाला नऊ मीटर आणि आघात सरासरी ३,४०० न्यूटनच्या आसपास निघाला. जड गटाचा ठोसा अधिक घातक ठरला तो मुख्यतः ठोशामागे येणाऱ्या वस्तुमानामुळे. हे वस्तुमान आपोआप येत नाही. टाच, कंबर, खांदा आणि मनगट एका ओळीत आले तरच ते मुठीपर्यंत पोचते. धिप्पाड माणूस नुसत्या हाताने मारतो तेव्हा त्याचे वजन मागेच राहते.

वेगाच्या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते. दोघांमधले अंतर अर्धा-पाऊण मीटर असते. सेकंदाला नऊ मीटर वेगाची मूठ ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पार करते. डोळ्याने पाहून शरीर हलवायला माणसाला याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे ठोसा पाहून कोणी चुकवतच नाही. चुकवणारा समोरच्याचा खांदा वाचतो, पुढच्या पायावर आलेला भार वाचतो, आधीच्या दोन फेऱ्यांतली सवय लक्षात ठेवतो. आणि मारणारा हूल देतो, म्हणजे खांदा हलवून खोटी बातमी पाठवतो. हूल देणे आणि हूल ओळखणे यांत वजनाचा काही संबंध नाही. सगळ्या गटांना समान मापाने मोजता येईल अशी एखादी गोष्ट असेल तर ती ही.

वजन बदलल्यावर काय टिकते, याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. मेरी कोमने २००२ ते २०१८ या काळात सहा जागतिक सुवर्णपदके जिंकली ती ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत. २०१२मध्ये लंडनला महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथम आले तेव्हा तीनच गट होते, ५१, ६० आणि ७५. मेरीला वर जाणे भाग होते. तिथे तिच्यापुढे उंच आणि लांब हातांच्या मुली आल्या. तिचा आत घुसण्याचा क्षण, डावखुऱ्या हाताचा कोन, ठोसा देऊन लगेच अंगाबाहेर पडणे हे सगळे टिकले आणि तिने ब्राँझ आणले. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सने तिला ११-६ असे हरवले. ॲडम्स स्वतः तंत्रात तोलामोलाची होती, वर शरीरही त्या गटाचे. तंत्राने तीन किलोंचे अंतर भरून निघाले, पण ॲडम्सइतक्या तयारीची मुलगी समोर आल्यावर ते पुन्हा उघडे पडले.

दुसरे उदाहरण याहून सरस, कारण त्यात शाळा एक आणि शरीरे दोन आहेत. वासिल लोमाचेंको आणि ऑलेक्झांडर उसिक, दोघेही युक्रेनचे, दोघेही डावखुरे, दोघांनीही २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले. एकाने ६० किलोंत, दुसऱ्याने ९१ किलोंत. वासिलचे वडील अनातोली यांच्या शिकवणीचा ठसा दोघांवर आहे. पोराने पाय शिकावेत म्हणून या वडिलांनी त्याला काही काळ नाचाच्या वर्गाला घातले होते. दोघांच्या लढती शेजारी शेजारी लावून पाहाव्यात. लोमाचेंको समोरच्याच्या पुढच्या पायाबाहेर तीनचार बारीक पावलांनी सरकतो आणि बघता बघता त्याच्या कुशीला जाऊन उभा राहतो. उसिक तीच जागा एका पावलात घेतो. मधल्या वेळात त्याचा पुढचा हात समोरच्याच्या हातमोज्याला सतत शिवत राहतो, टोचत राहतो, त्याला स्वस्थ बसू देत नाही. १८ मे २०२४ला रियाधमध्ये त्याने टायसन फ्युरीला हरवले तेव्हा फ्युरी त्याच्यापेक्षा सुमारे १८ किलोंनी जड होता. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडला आणि पंचाने मोजणी केली. तो प्रसंग पुन्हा पाहिला तर लक्षात येते, की आधीच्या कितीतरी फेऱ्या उसिक त्याला पोटात मारत, एका बाजूला वळवत आणत होता.

नागऱ्यातल्या पोरांना मी हे सांगितले, पण त्यांचा विश्वास बसेना. मग शाळेच्या पटांगणात जिथे जमीन कोरडी होती तिथे कबड्डीसाठी आखतात तशी फक्कीने चौकट आखली, वीस फूट बाय वीस फूट. नियमाप्रमाणे दोरांच्या आतले रिंगण ६.१० मीटरचे असते आणि ४८ किलोंपासून सगळ्यांत वरच्या गटापर्यंत सर्वांना तेच. त्यांच्यातला सर्वांत किडकिडीत पोरगा आणि सर्वांत आडवा पोरगा, दोघांना आत उभे केले. एकाने कोपऱ्यात अडकवायचे, दुसऱ्याने निसटायचे, मारायचे नाही. किडकिडीत पोरगा अडकवायला निघाला की त्याला कितीतरी पावले टाकावी लागत आणि आडवा तेवढ्यात बाजूला होई. उलट झाले तेव्हा आडव्याने दोन पावले टाकली आणि हात पसरले. चौकट संपली. बारका कोपऱ्यात. पुन्हा केले, पुन्हा तेच. मोठ्या माणसासाठी तेच रिंगण लहान होते. पळायला जागा नसते, म्हणून त्याच्या तंत्रात पळणे कमी असते. तो वळतो, चिकटतो, हात अडकवतो, इंचभर मागे झुकून ठोसा नाकासमोरून जाऊ देतो. थकल्यावर आडव्या पोराची टाच जमिनीला टेकली आणि त्याच क्षणी बारका त्याच्या बगलेखालून निसटला. ‘‘टाच टेकली की गेला,’’ तो धापा टाकत म्हणाला. जड गटाच्या कितीतरी लढती याच एका चुकीने हरल्या जातात.

त्यातून चुकीच्या किमतीचा मुद्दा येतो. हलक्या गटात एखादा ठोसा अंगावर घेऊन दोन परत देता येतात. नाओया इनोउए ६ मे २०२४ला टोकियो डोममध्ये लुइस नेरीविरुद्ध पहिल्याच फेरीत खाली पडला, उठला, सावरला आणि सहाव्या फेरीत त्याने लढत संपवली. जड गटात अशी दुसरी संधी मिळेलच याचा भरवसा नसतो. ज्या रिंगणात एका चुकीने सगळे संपू शकते, तिथे माणूस कमी करतो आणि मोजून करतो. हे कमी करणे आपल्याला तंत्राचा अभाव वाटते. रॉय जोन्स हे याचे दुसरे टोक. हात खाली, हनुवटी उघडी, सगळा भरवसा प्रतिक्षिप्ततेवर. १ मार्च २००३ला त्याने जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा किताबही घेतला. १५ मे २००४ला, परत आपल्या लाइट हेवी गटात आल्यावर, अँतोनियो टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने तो दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. पस्तिशीत वेग किंचित उतरला आणि वेगाने झाकलेली उणीव उघडी पडली. जोन्सची प्रतिभा मी नाकारत नाही. पण तंत्राच्या तराजूत त्याला मी बर्नार्ड हॉपकिन्सच्या खाली ठेवीन. हॉपकिन्सने २०११मध्ये, ४६ वर्षांचा असताना, लाइट हेवीचा किताब जिंकला तेव्हा त्याच्याजवळ वेग उरलाच नव्हता. उरले होते ते अंतर आणि वेळ यांचे ज्ञान.

आता पुन्हा अल्फियाकडे. किएल्त्सेच्या त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णे जिंकली, ४८ किलोंच्या गीतिकापासून ८१ वरच्या अल्फियापर्यंत. अल्फिया नागपूरला गणेश पुरोहित यांच्या हाताखाली घडली. जुलै २०२२मध्ये तिने कझाकस्तानच्या एलोर्दा कपमध्ये, यजमानांच्या घरात, २०१६ची जगज्जेती लझ्झत कुंगेइबायेव्हाला ५-० असे हरवले. युवा गटातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी माजी वरिष्ठ जगज्जेतीला पाचही पंचांच्या मते हरवते, तेही जिथे अनुभव सर्वांत जास्त मोजला जातो त्या गटात. तंत्राशिवाय हे होत नाही.

तरीही या गटातल्या मुलीपुढे ज्या अडचणी असतात, त्या देविकाच्या गटातल्या मुलीपुढे नसतात. आपल्याकडच्या स्पर्धांत ५० ते ५७ किलोंच्या गटांत मुलींची गर्दी असते. सुवर्णापर्यंत पोचायला चारपाच वेगवेगळ्या ढंगाच्या प्रतिस्पर्धी भेटतात. वरच्या गटात नावेच मोजकी येतात. सरावाला आपल्या वजनाची जोडीदार मिळणे कठीण. मग मुलांशी सराव करा, नाहीतर पिशवीवर मारत बसा. पिशवी हूल देत नाही. जी मुलगी अशा परिस्थितीत अंतर आणि वेळ शिकते, तिचे शिकणे अधिक अवघड वाटेने झालेले असते. तुलना करताना हे वजनात धरले पाहिजे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: तिचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. पॅरिस २०२४मध्ये मुलींचे गट ५०, ५४, ५७, ६०, ६६ आणि ७५ किलो असे होते. ५२ किलोंची मुलगी दोन किलो खाली किंवा वर जाऊ शकते. निझामाबादची निखत झरीन हेच करून दाखवणारी. २०२२मध्ये इस्तंबूलला ५२ किलोंत जगज्जेती, २०२३मध्ये दिल्लीला ५० किलोंत जगज्जेती, आणि पॅरिसला ५० किलोंतच उतरली. ८१ किलोंवरच्या मुलीला ७५वर यायचे तर शरीरच बदलावे लागते. पुरुषांत मात्र तिथेच ९२ किलोंच्या वर खुला गट होता. मुलींना वरची दारे बंद, ही मला उघड विषमता वाटते. २०२५मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत ८० किलोंवरील गटात नुपूर शेरॉनने रौप्य जिंकले. पोलंडच्या आगाता काचमार्स्काकडून ती अंतिम फेरीत ३-२ अशा निसटत्या निकालाने हरली. आशियाई स्पर्धेत १९६६ आणि १९७०ला हेवीवेटचे सुवर्ण जिंकणाऱ्या हवासिंग यांची ती नात. एकाच घरातले दोन हेवीवेट. आजोबांच्या काळात हा खेळ मुलींना खुलाच नव्हता. नातीच्या काळात तो खुला झाला, पण तिच्या गटाला पॅरिसमध्ये जागा नव्हती.

वेटलिफ्टिंगवाल्यांनी वेगवेगळ्या वजनांच्या खेळाडूंची तुलना करायला सिंक्लेअर गुणक वापरात आणला. उचललेले किलो त्या गुणकाने गुणले की ५५ किलोंचा आणि १०९ किलोंचा माणूस एका ओळीत उभा राहतो. मुष्टियुद्धात असा गुणक बसणार नाही. तिथे समोर लोखंडाऐवजी माणूस असतो आणि तोही शिकत असतो. पण डोळ्यांना शिस्त लावता येते. सध्याच्या पद्धतीत पाच पंच प्रत्येक फेरीला दहापैकी गुण देतात आणि तीन गोष्टी पाहतात: लक्ष्यावर बसलेले दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचांतून मिळवलेले वर्चस्व, आणि लढाऊपणा. ही पद्धत एकाच गटातल्या दोघांची तुलना करते आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे.

अडचण येते ती स्पर्धेच्या शेवटच्या संध्याकाळी, ‘उत्कृष्ट मुष्टियोद्धा’ निवडताना. जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत हा चषक दिला जातो. सुवर्णविजेत्यांतूनच निवड होते, अंतिम लढतच डोळ्यांसमोर असते आणि जो जास्त हलला, ज्याने जास्त ठोसे मारले, त्याच्याकडे कौल झुकतो. माझी सूचना साधी आहे. निवड करणाऱ्यांनी अंतिम फेरीआधीच्या लढती पाहाव्यात. प्रत्येक गटासाठी वेगळा कागद ठेवावा आणि त्यावर चारच प्रश्न असावेत. हुलीला प्रतिस्पर्धी किती वेळा फसला? ठोसा हुकल्यावर हा खेळाडू किती वेळा तोल न जाता उभा राहिला? तिसऱ्या फेरीत त्याची टाच कधी टेकली? आणि पहिल्या फेरीत जे चालत नव्हते, ते त्याने दुसरीत बदलले का? हे चारही प्रश्न ४८ किलोंच्या मुलीला आणि ८१ वरच्या मुलीला सारखेच लागू पडतात.

या चार प्रश्नांनी अल्फिया आणि देविकाच्या लढती पाहायला मी सुरुवात केली आहे. आज विचाराल तर माझे मत अल्फियाच्या बाजूने किंचित झुकते. कमी जोडीदारांत, कमी लढतींत, आपल्या गटाला ऑलिंपिकची वाट नसताना तिने माजी जगज्जेतीपुढे पाचही पंच आपल्या बाजूला वळवले, हे मला जड वाटते. देविकाच्या गटात स्पर्धा तीव्र आहे, तिचा वरिष्ठ गटातला काळ अजून पुढे आहे आणि हे मत ती बदलू शकते. नागऱ्यातल्या पोरांना मी दोघींची नावे दिली आहेत. त्यांच्यातला तो आडवा पोरगा आता टाच उचलून शॅडो बॉक्सिंग करतो आणि भरतीची लेखी परीक्षा झाल्यावर नागपूरला जाऊन एखाद्या प्रशिक्षकाला भेटायचे म्हणतो. त्याचे वजन ९१ किलो आहे. मुलांच्या ९० किलोंवरील गटात तो बसतो.